आई जेवण ‘बनवते’?

गोरेगावच्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्या नोकरी करत नाहीत, घर सांभाळतात. तिसरीतल्या मुलाने ‘माझी आई’ या निबंधात ‘आई सकाळी उठून जेवण बनवते’ असं लिहिलं. शाळेतल्या बाईंनी ते खोडून ‘स्वयंपाक करते’ असं केलं. मालवणच्या सासूबाईंचं म्हणणं, सरळ ‘जेवण करते’ लिही. ताईंचं माहेर साताऱ्याचं, आणि तिकडे ‘जेवण करते’ म्हणजे ती जेवायला बसली आहे. यातलं बरोबर कोणतं? शिवाय शाळेच्या फॉर्मवर आईच्या व्यवसायाच्या रकान्यात काय लिहावं, असंही त्यांनी विचारलंय.

बाईंनी ‘बनवते’वर काट मारली, उत्तम केलं. हिंदीतलं ‘खाना बनाना’ आपल्या ओट्यावर येऊन बसलं आणि बघता बघता सगळी भांडी त्याने बळकावली. लोकलमध्ये, लिफ्टमध्ये, टीव्हीवरच्या पाककृतींत, जिथे कान द्यावा तिथे चहा बनवला, पोळ्या बनवल्या, भाजी बनवली. अहो, मराठीत बनवतात ते माणसाला, आणि बनवलं म्हणजे फसवलं! यादी बनवा, नकाशा बनवा, हरकत नाही. पण चहा टाकतात. कुकर लावतात. कणीक भिजवतात, मळतात, तिंबतात. पोळी लाटतात, भाकरी थापतात, थालीपीठ लावतात, घावन घालतात. लाडू वळतात, तूप कढवतात, लोणचं घालतात, दही विरजतात. मुलाची बस आणि नवऱ्याची लोकल गाठून देण्याच्या गडबडीत एका आईच्या हातून सकाळच्या दोन तासांत यातली निम्मी क्रियापदं होऊन जातात. प्रत्येकात हाताची वेगळी हालचाल आहे. त्या सगळ्यांवर एकच ‘बनवणे’ फासलं की तिने नेमकं काय केलं ते दिसेनासं होतं. मला राग येतो तो याचा.

‘जेवण करणे’बद्दल थोडक्यात. जेवण हे संस्कृत ‘जेमन’वरून आलं, म्हणजे खाण्याची क्रिया. गुजरातीतलं ‘जमवुं’ आणि राजस्थानीतलं ‘जीमण’ ही त्याचीच भावंडं. त्या हिशेबाने साताऱ्याचा अर्थ मुळाला धरून आहे. पण खाण्याच्या क्रियेवरून खायच्या पदार्थांना तेच नाव पडणं ही भाषेची नेहमीची चाल, आणि पदार्थ म्हटले की ते ‘करता’ येतात. कोकणाने तेच केलं. गिरणगावात कोकणातल्या आणि घाटावरच्या बायका खानावळी चालवत, गिरणी कामगारांना जेवू घालत. प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांसाठी. त्यांच्या चुलीपाशी दोन्ही अर्थ सुखाने नांदले असणार, कारण कोण जेवतंय आणि कोण करतंय हे डोळ्यांपुढे दिसतच होतं. सासूबाई चूक नाहीत.

आता बाईंची दुरुस्ती. ‘स्वयंपाक’ हाच काय तो शुद्ध शब्द, असं पाठ्यपुस्तकी मंडळी छातीठोकपणे सांगतात. त्यांनी तो शब्द कधी फोडून पाहिला आहे का? स्वयं आणि पाक, म्हणजे आपलं अन्न आपण शिजवणं. हिंदीत आजही ‘स्वयंपाकी’ म्हणजे दुसऱ्याच्या हातचं न खाणारा, स्वतःपुरतं रांधून घेणारा सोवळा माणूस. मराठीने तोच शब्द उचलला आणि दुसऱ्यांसाठी शिजवणाऱ्या आचाऱ्याला लावला. शब्द रुळला आहे, मीही रोज वापरतो. पण घरातल्या सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलंसुरलं पानात घेणाऱ्या बाईसाठी ‘स्वयं’ने सुरू होणारा शब्द हाच एकमेव शुद्ध, हा हट्ट मला मान्य नाही.

खरा शब्द या तिघांपैकी कुणालाच आठवला नाही. तो म्हणजे रांधणे.

याचा धातू ‘रध्’. पाणिनीच्या धातुपाठात, म्हणजे धातूंच्या यादीत, ‘रध हिंसासंराद्ध्योः’ असा त्याचा अर्थ दिला आहे: हिंसा, आणि संराद्धी म्हणजे एखादी गोष्ट पुरी होणं, सिद्धीला जाणं. पुढे स्वर आला की या धातूत ‘न्’ शिरतो, त्यासाठी पाणिनीच्याच अष्टाध्यायीत ‘रधिजभोरचि’ (७.१.६१) असं वेगळं सूत्र आहे. आपल्या ‘रांधणे’वरचा अनुस्वार तिथून आला. ‘रन्धयति’ म्हणजे वश करतो, नमवतो. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं पन्नासावं सूक्त सूर्याचं. त्याच्या शेवटच्या ऋचेत उगवणारा आदित्य ‘द्विषन्तं मह्यं रन्धयन्’ येतो, माझ्या वैऱ्याला माझ्या स्वाधीन करत येतो. तृचाकल्प, म्हणजे तीन ऋचांच्या मंत्रांसह, सूर्यनमस्कार घालणारे ही ऋचा पहाटे म्हणतात. त्याच वेळी, भिंतीपलीकडे, त्याच धातूचं काम गॅसवर चालू असतं!

यावर वैयाकरण मित्र मला अडवतात: नमवण्याचा धातू वेगळा मानावा, शिजवण्याचा वेगळा, उगाच कविता करू नये. धातुपाठाने दोन्ही अर्थ एका धातूखाली, एका समासात बांधून ठेवले आहेत. ती गाठ सोडवायची असेल तर पुरावा त्यांनी आणावा.

माझा पुरावा स्वयंपाकघरातच आहे. नारळ फोडा, कांदा चिरा, मिरची ठेचा, दाणे कुटा, डाळ घोटा, डाळीला फोडणी द्या. एखाद्याला बदडलं की आपण म्हणतो त्याची कणीक तिंबली. खोड मोडली की म्हणतो त्याची जिरवली, आणि भातातलं पाणीही जिरवतातच. कडक, कच्चं, हट्टी धान्य नमवून माणसाच्या स्वाधीन करणं ही रांधण्याची मूळ कल्पना मराठी क्रियापदांनी जशीच्या तशी सांभाळली आहे, असं माझं ठाम मत आहे. दुसरा अर्थ, संराद्धी, तोही शेजारीच सापडतो. शिजणे आलं ‘सिध्यति’वरून, प्राकृतातल्या ‘सिज्झइ’मार्गे. रांधते आई, सिद्धी मिळते भाताला.

गुजरातीने ‘रांधवुं’ टाकलं नाही. घाटकोपर-कांदिवलीच्या गुजराती घरांत श्रावणात ‘रांधण छठ’ असते, त्या दिवशी रांधून ठेवलेलं दुसऱ्या दिवशी, शीतळा सातमला, थंड खातात. बंगाल्यांचं ‘रान्ना’ रोजच्या बोलण्यात आहे. आपणच तो शब्द गावंढळ ठरवला, आणि खापर फोडलं ‘रांधा, वाढा, उष्टी काढा’वर. त्याच म्हणीत ‘वाढा’ही आहे. म्हणून कुणी वाढायचं सोडलं का?

रकान्यात ‘गृहिणी’ लिहा. ‘काही नाही’ मात्र लिहू नका. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळवापर पाहणीत विनावेतन घरकाम करणाऱ्या बायकांची त्या कामातली रोजची सरासरी २९९ मिनिटं निघाली, पुरुषांची ९७. जनगणना मात्र नुसतं घरकाम करणारीला काम न करणाऱ्यांत मोजते.

मुलाच्या वहीत ‘आई रांधते’ लिहू द्या. बाईंनी पुन्हा खोडलं, तर वहीच्या समासात वरचं सूत्र क्रमांकासह लिहून पाठवा. आणि सासूबाईंना माझ्यासाठी एक विचारा: त्यांच्या घरी घावन ‘घालतात’ की ‘काढतात’, आणि आंबोळीलाही तेच क्रियापद लावतात का?