अमेरिकेत रिबिल्ट टायटलची जुनी मस्टँग जीटी स्वस्तात मिळतेय, घेऊ का?

पहिलं काम, पैशाचं बोलायच्या आधी इन्शुरन्सवाल्याला व्हिन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) देऊन विचार की फुल कव्हरेज (तुझ्या गाडीच्या नुकसानीसकट) देणार का, कारण बऱ्याच कंपन्या अशा गाडीला फक्त लायबिलिटी (तुझ्यामुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान) देतात आणि उद्या परत ठोकली तर तुझ्या हातात फारसं काही येत नाही. बँकाही लोन द्यायला कुरकुरतात.

टायटल म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, आणि रिबिल्ट म्हणजे इन्शुरन्सने एकदा टोटल लॉस धरलेली, त्यामुळे कागदावर सॅल्व्हेजचा (भंगारात जमा) शिक्का लागलेली, मग दुरुस्त करून राज्याच्या इन्स्पेक्शनमधून पास झालेली गाडी. आता ते इन्स्पेक्शन किती कडक हे राज्याराज्यावर आहे, काही ठिकाणी मुख्यतः चोरीचे पार्ट्स नाहीत ना एवढंच बघतात, त्यामुळे पास झाली म्हणून हुरळून जाऊ नकोस.

व्हिन नंबर गुगलवर टाक, बरेचदा लिलावातले ठोकलेल्या अवस्थेतले फोटोच सापडतात. नुसतं फेंडर-बंपर गेलं असेल तर विचार कर, पण चॅसी वाकलेली किंवा पुरात बुडालेली असेल तर फुकट दिली तरी नको. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ, चिखलाचे डाग तिथेच राहतात (विकणारे कार्पेट धुतात, बेल्ट विसरतात!). इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा पेटून विझला पाहिजे, पेटलाच नाही तर बल्ब काढून ठेवलाय किंवा काहीतरी गडबड आहे.

क्लीन टायटलवाल्या (असा शिक्का नसलेल्या) गाडीपेक्षा २०-४० टक्के स्वस्त हाच रेट असतो, १० टक्के कमी म्हणजे डील नाही. आणि दोन वर्षांत विकायचा विचार असेल तर सरळ सोडून दे.