मकरान हलला तर कोकणाला कळणार कसं?

30 जुलै 2025 रोजी रशियाच्या कामचाट्का द्वीपकल्पाजवळ 8.8 तीव्रतेचा भूकंप झाला. प्रशांत महासागराच्या किनाऱ्यांवर त्सुनामीचे इशारे निघाले आणि इकडे कोकणात फोनाफोनी सुरू झाली. हैदराबादच्या इशारा केंद्राने भारताला धोका नसल्याचं लगेच सांगितलं होतं. तरी तेव्हापासून तेच ते प्रश्न येत आहेत, म्हणून नेहमीचे काही एकत्र घेतले आहेत.

कोयनेला धक्का बसला की आमच्याकडे मांडणीवरची भांडी वाजतात. मोठा धक्का आला तर समुद्र वर येईल का? (चिपळूण)

नाही. कोयनेचे भूकंप जमिनीखाली होतात, त्यांनी समुद्राचा तळ उचलला जात नाही. काळजी घराची करा. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेच्या भूकंपात माणसं गेली ती पडलेल्या घरांखाली. भिंतींना तिरके तडे असतील तर गवंड्याकडून सिमेंट लिंपून घेऊ नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवून दाखवा.

पुढच्या महिन्यातल्या एका तारखेला अरबी समुद्रात त्सुनामी येणार असा मेसेज फिरतोय. खरं आहे का? (दापोली)

खोटं आहे. भूकंपाची तारीख आधी सांगणारा माणूस, यंत्र किंवा संस्था जगात कुठेही नाही. जपानमधल्या एका चित्रकथेवरून 5 जुलै 2025 ही तारीख अशीच जगभर फिरली आणि तो दिवस कोणत्याही मोठ्या आपत्तीविना गेला. मग 30 तारखेला कामचाट्का हलल्यावर तीच मंडळी ‘बघा, खरं झालं’ म्हणू लागली. पंचवीस दिवस उशिरा आणि दुसऱ्याच देशात! पृथ्वीवर दर महिन्याला कुठे ना कुठे 6 च्या वरचे भूकंप होतच असतात, त्यामुळे कोणतीही तारीख नंतर कुठेतरी जुळवून दाखवता येते. मेसेज पुढे पाठवू नका.

कामचाट्काचा आकडा आधी 8.0, मग 8.7, मग 8.8 सांगितला. काही लपवतात का? (रत्नागिरी)

लपवत नाहीत, मोजतात. मोठ्या भूकंपात खडक शेकडो किलोमीटर फाटत जातो आणि ते फाटणंच काही मिनिटं चालतं. पहिला आकडा सुरुवातीच्या लहरींवरून काढतात, त्यामुळे तो बहुधा कमी निघतो. 2011 मध्ये जपानचा पहिला आकडा 7.9 होता, अखेरीस तो 9 वर गेला. एका अंकाच्या फरकाने ऊर्जा सुमारे 32 पट वाढते, तेव्हा हा बदल किरकोळ नाही. पण नुसत्या आकड्यावरून लाटही ठरत नाही. 11 एप्रिल 2012 रोजी सुमात्राजवळ 8.6 चा भूकंप झाला. तिथे खडक एकमेकांना घासून आडवे सरकले, तळ फारसा उचलला गेला नाही, म्हणून विध्वंसक त्सुनामी आली नाही.

आम्ही काही मित्र भूकंपाचे आणि समुद्रपातळीचे आलेख इंटरनेटवर पाहतो. समुद्रात तरंगणारा बोया जागा झाला की ग्रुपवर लगेच कळवतो. यात गैर काय? (हर्णै)

पाहण्यात गैर काहीच नाही, उलट मला आनंद आहे. गैर आहे ते घाईने कळवण्यात. बोयाखाली समुद्राच्या तळाशी दाब मोजणारं यंत्र असतं. भूकंपाची लहर तळातून गेली की ते जागं होतं आणि भराभर नोंदी पाठवू लागतं. आलेखावर सुरुवातीला दिसणारा तो दाट, दातेरी पट्टा हा भूकंपाचा हादरा आहे, त्सुनामी नव्हे. त्सुनामी मागाहून येते आणि रेषा सावकाश वर-खाली होते. एकेका हेलकाव्याला दहा-दहा मिनिटं किंवा त्याहून जास्त लागतात. जेटीवरच्या पाण्याची पातळी मोजणाऱ्या यंत्रात एकच टोकदार सुळका दिसला तर तो बहुतेक वेळा यंत्राचा दोष असतो. शेजारच्या दुसऱ्या ठिकाणी योग्य वेळेने तसाच हेलकावा उमटला का, ते पाहिल्याशिवाय काहीही म्हणू नका.

आणखी एक. या आलेखांवरची वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. कुणीतरी ती भारतीय वेळ समजतो, आलेखाचा स्क्रीनशॉट काढतो आणि ‘इतक्या वाजता येणार’ म्हणून पाठवतो. मकरानहून (इराण-पाकिस्तानचा किनारा) मुंबईपर्यंत लाट यायला जवळपास पाच तास लागतात. म्हणजे ही एक चूक सगळा हिशोब बुडवायला पुरेशी आहे. तुमच्या नोंदी वहीत ठेवा, नंतर हैदराबाद केंद्राच्या अधिकृत बुलेटिनशी ताडून पाहा. गावाला कळवायचं ते फक्त बुलेटिन.

शाळेत मुलांना शिकवलं की जमीन जोरात हलली तर उंचावर पळा. किनाऱ्यावरच्या आम्हाला एवढं पुरेसं आहे ना? (देवगड)

नाही! या उत्तरासाठीच मी हे सदर लिहितो आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तो नियम सुमात्राचा आणि जपानचा आहे. तिथे भूकंप पायाखालीच होतो आणि लाट काही मिनिटांत येते, त्यामुळे हादरा हाच इशारा. मुलांना तो जरूर शिकवा, किनाऱ्यावर जोराचा, लांबलेला हादरा जाणवला तर वाळूवर थांबायचं कारण नाही. पण कोकणाला खरा धोका आहे तो इराण-पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्याचा. तिथे अरबी भूपट्ट युरेशियन भूपट्टाखाली सरकतो आहे. 28 नोव्हेंबर 1945 रोजी आपल्या घड्याळाने पहाटे साडेतीनच्या सुमारास तिथे 8.1 चा भूकंप झाला. सकाळी आठच्या सुमारास मुंबईत सुमारे दोन मीटर पाणी चढलं आणि माणसं बुडाली. दुसरा उगम सुमात्रा-अंदमानचा. 2004 ची लाट श्रीलंकेला वळसा घालून पश्चिम किनाऱ्यावर आली, केरळात बळी गेले.

म्हणजे आपल्याकडे उलटं आहे. जमीन जोरात हलेल ती बहुधा कोयनेमुळे आणि तेव्हा लाट येणार नाही. लाट येईल तेव्हा जमीन बहुधा हललेलीच नसेल. हादऱ्याची वाट बघत बसलेलं गाव झोपेतच सापडेल.

वेळ मात्र आपल्याकडे भरपूर आहे. खोल समुद्रात ही लाट ताशी 600 ते 700 किलोमीटर वेगाने येते, पण आपल्या किनाऱ्यालगतचा समुद्रतळाचा उथळ, रुंद मंच तिला हळू करतो. हैदराबादचं केंद्र ऑक्टोबर 2007 पासून चालू आहे आणि मोठ्या भूकंपानंतर दहा मिनिटांच्या आसपास पहिलं बुलेटिन काढतं. तिथून निरोप राज्याकडे, जिल्ह्याकडे येतो. प्रश्न आहे तो तालुक्यापासून वाडीपर्यंतच्या शेवटच्या टप्प्याचा. पहाटे साडेतीनला वाडीतले फोन सायलेंटवर असतात. ज्याला कळेल तो आधी दहा जणांना ‘खरं आहे का रे?’ विचारेल, कुणी जेटीवर शूटिंग करायला जाईल, आणि हातातले तास असेच संपतील.

कोकणाला निसर्गाने वाडीच्या मागेच सडा, म्हणजे उंचावरचं माळरान, दिला आहे. पाखाडीने, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेने, चढलात तर बहुतेक ठिकाणी थोड्या वेळात वर पोचता. पण ती पाखाडी पावसानंतर रानाने बुजलेली असते, पायऱ्या शेवाळलेल्या, वर दिवा नाही. अंधारात म्हाताऱ्या आजीला तिथून कोण नेणार हे कुणी ठरवलेलं नाही. देवळाची घंटा आणि मशिदीचा भोंगा यांचा वापर कसा करायचा, हेही नाही. ओडिशातल्या वेंकटरायपूर आणि नोलियासाही या गावांनी असा आराखडा करून सराव केला, म्हणून 2020 मध्ये युनेस्कोच्या सागरी आयोगाने त्यांना त्सुनामीसज्ज गावांचा मान दिला. आपल्या ग्रामसभेत हा विषय ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून ढकलला जातो. तो पुढच्याच सभेत घ्या, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कार्यालयातल्या माणसाला बोलवा आणि वाट त्याच्यासोबत चालून बघा.

पहिली लाट ओसरली की खाली उतरू नका. 1945 मध्ये कराचीत नंतरची लाट पहिलीपेक्षा मोठी होती. प्रशासनाने ‘धोका टळला’ म्हटल्यावरच परत या.

अमावस्येला समुद्र खूप आत गेला होता, लोक घाबरले. (मुरुड)

ती उधाणाची ओहोटी. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढणारे जाणते अजून गावात आहेत, त्यांना विचारा. भरती-ओहोटीचं वेळापत्रकही मिळतं. ओहोटीची वेळ नसताना, काही मिनिटांत पाणी मागे हटलं तर मात्र विचारत बसू नका, वर जा.

बोट समुद्रात असताना इशारा आला तर बंदर गाठायचं ना? (मालवण, तांडेल)

नाही. खोल पाण्यात ही लाट जेमतेम जाणवते, नासधूस बंदरात आणि खाडीच्या तोंडाशी होते. बाहेर असाल तर आणखी खोल पाण्याकडे जा आणि व्हीएचएफ रेडिओ चालू ठेवा. बोट जेटीला बांधलेली असेल तर ती तशीच टाकून खलाशांना घेऊन वर चढा. किती वाव खोल पाण्यापर्यंत जायचं, डिझेल किती ठेवायचं, हे तुमच्या बोटीवर आणि हवामानावर आहे. मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याशी आधीच बोलून ठेवा.

एक कंपनी घरात लावायचं ‘भूकंप-त्सुनामी अलार्म’ विकते आहे. घ्यावं का? (अलिबाग)

घेऊ नका. भिंतीवरचं यंत्र फक्त तुमच्या भिंतीचा हादरा ओळखतं, मकरानची लाट त्याला कशी कळणार? फोनवर सरकारी ‘सचेत’ आणि ‘भूकंप’ ही ॲप फुकट मिळतात. तरीही घ्यायचंच असेल तर विक्रेत्याकडे लेखी प्रमाणपत्र मागा आणि ते जिल्हा कार्यालयात दाखवून मगच पुढे बोला.

घर किनाऱ्यावर नाही, खाडीकाठी दोन किलोमीटर आत आहे. आम्ही सुरक्षित ना? (जयगड परिसर)

असं गृहीत धरू नका. लाट खाडीतून आत शिरते, अरुंद जागी पाणी चढतं आणि त्यात उधाण असेल तर आणखी. तुमच्या जोत्याची उंची भरतीच्या सर्वांत वरच्या खुणेपेक्षा किती आहे ते मोजून घ्या आणि तो आकडा घेऊन जिल्हा आपत्ती कक्षाला 1077 वर फोन करा. पूररेषेचा नकाशाही तहसील कार्यालयात मागा.