एकर विकण्याआधी मुलीला विचारा

(यवतमाळ जिल्ह्यातील एक गवंडी वडील विचारतात: मुलीला बारावी विज्ञानात ७४ टक्के आहेत, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही विषय होते. ‘नीट’ दोनदा देऊनही सरकारी महाविद्यालयापुरते गुण मिळाले नाहीत. एक एकर विकून तिला तिसऱ्या प्रयत्नासाठी लातूरला पाठवावे काय?)

सप्रेम नमस्कार.

जमीन विकू नका. मला तिच्या गुणांची तितकी चिंता वाटली नाही, जितकी तुमच्या या ओळीची वाटली: ‘पोरगी सुट्टीत साइटवर येते, मापे घेते, मजुरांचा हिशेब लिहिते अन् सिव्हिलला जातो म्हणते, माझे हात पाहून तरी तिने असे म्हणायला नको होते.’ सिमेंटने फाटलेल्या हातांनी तुम्ही तिला इथवर शिकवले, म्हणून तिने या कामापासून दूर राहावे असे तुम्हाला वाटते, हे मी समजतो. परंतु डॉक्टर होण्याची इच्छा तिची आहे, असे पत्रात कोठेही नाही. दोन वर्षे तिने तुमच्या शब्दाखातर अभ्यास केला असावा. आता विकलेल्या एकराचे ओझे तिच्या प्रत्येक सराव परीक्षेवर ठेवणे हा तिच्यावर अन्याय होईल.

सिव्हिल अभियांत्रिकी म्हणजे शिकून पुन्हा गवंडीकाम, हा तुमचा समज चुकीचा आहे. पाया किती खोल घ्यायचा, कॉलममध्ये सळई किती टाकायची, हे अभियंता ठरवतो आणि झालेले काम मोजमाप पुस्तिकेत तोच नोंदवतो. सरकारी कामात त्या नोंदीवरच कंत्राटदाराचे बिल निघते. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना तडे जातात, हे तुम्ही अनुभवाने जाणता. ती त्यामागचे गणित शिकेल. जिल्हा परिषदेत कनिष्ठ अभियंता होण्यासाठी सिव्हिलची पदविका (डिप्लोमा) चालते.

बारावी विज्ञानानंतर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो; पदवीसाठी एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

तुमची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी आहे काय? असल्यास पाल्याच्या अभियांत्रिकी पदवीसाठी मंडळाकडून वर्षाला ६०,००० रुपयांचे साहाय्य मिळते. नसल्यास वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला घेऊन आधी नोंदणी करा. मात्र कोणताही अर्ज भरण्यापूर्वी मुलीशी मोकळेपणाने बोला, आणि तिला काय शिकायचे आहे ते पुढच्या पत्रात तिलाच लिहू द्या.