ऑर्केस्ट्रासाठी क्लॅरिनेटचा माउथपीस

प्रश्न : बँडमध्ये सहा वर्षे क्लॅरिनेट वाजवल्यानंतर मी आता सिंफनी ऑर्केस्ट्रात वाजवू लागलो आहे. माझा माउथपीस (तोंडात धरून फुंकायचा भाग) व्हांडोरेन कंपनीचा बी ४५ असून त्यावर मी ३½ क्रमांकाची रीड (फुंकरीने कंप पावणारी वेताची पातळ पट्टी) लावतो. बँडमध्ये आवाज चांगला उठत असे; इथे मात्र हळुवार स्वर धरताना आधी हवेची फुसफुसच ऐकू येते. कोणता माउथपीस घ्यावा?

उत्तर : फुसफुस हा दोष बहुधा एकट्या माउथपीसचा नसतो. आपल्या माउथपीसचे टोक आणि रीड यांत १.१९५ मिलिमीटर अंतर आहे. इतक्या अंतरावर ३½ सारखी कडक रीड बसवली की तिला कंप देण्यासाठी श्वास आणि ओठांचा दाब दोन्ही जास्त लागतात, आणि हळुवार वादनात तेवढे बळ नसल्याने नुसती हवाच निसटते. म्हणून खर्च करण्यापूर्वी अर्ध्या क्रमांकाने मऊ, म्हणजे ३ क्रमांकाची, रीड लावून पाहावी. तिने फुसफुस थांबली, पण जोरात वाजवताना वरचे स्वर उतरू लागले, तर मात्र माउथपीस बदलणे योग्य ठरेल.

त्या वेळी मी याच कंपनीचे मध्यम अंतराचे माउथपीस आधी पाहीन : एम ३० (१.१५ मिलिमीटर) किंवा ५ आरव्ही लायर (१.०९५ मिलिमीटर). अंतर कमी झाले की रीड पुन्हा थोडी कडक घ्यावी लागते, त्यामुळे दोन-तीन क्रमांकांच्या रीड सोबत ठेवूनच निवड करावी. अर्थात आकड्यावर सगळे ठरत नाही. बी ४० चे अंतर बी ४५ इतकेच असले, तरी त्याच्या टोकाची कड रुंद असल्याने नाद अधिक गोलसर येतो.

सुराची परीक्षा बी-फ्लॅट आणि ए या दोन्ही क्लॅरिनेटवर करावी, कारण मैफलीत तोच माउथपीस एकावरून दुसऱ्यावर चढवावा लागतो. रजिस्टरची चावी दाबली की या वाद्याचा स्वर सप्तक ओलांडून आणखी पंचमाने वर जातो. ते अंतर ट्यूनरवर (सूर मोजणाऱ्या यंत्रावर) नीट जुळते का, हे पाहावे. व्हांडोरेनची १३ मालिका ‘ए’ हा स्वर ४४० हर्ट्झला (सेकंदाला ४४० कंपने) धरून बनवलेली आहे, तेव्हा आपला ऑर्केस्ट्रा तो स्वर ४४२ वर लावत असेल तर ती टाळलेली बरी. माउथपीस एबोनाइटचा (कडक रबराचा) असावा की काचेचा, या वादात मी वेळ घालवणार नाही.

चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिंफनीच्या पहिल्या भागातील क्लॅरिनेटचा अगदी हळू आवाजात खाली उतरत जाणारा तुकडा ही उत्तम कसोटी आहे. तो स्वतः वाजवावा आणि सभागृहाच्या मागच्या रांगेत बसलेल्या सहकाऱ्याला ऐकायला सांगावे. खोलीत भारदस्त वाटणारा नाद तिथे बोथट ऐकू येऊ शकतो.