फॉलोअर (फॉलो करणारा) आणि फॉलोई (ज्याला फॉलो केले जाते) दोघेही एकाच यूजर्स टेबलातले असतील, तर स्कीमा, म्हणजे टेबलांची मांडणी, कसा करावा?

दोन्ही फॉरेन की (टेबलातल्या रोकडे बोट दाखवणारे कॉलम) एकाच टेबलाकडे गेल्या तर चालते का, की प्रत्येकाची यादी त्याच्याच रोमध्ये (टेबलातल्या ओळीत) ठेवावी, असे आपण विचारले आहे. खुशाल चालते. फॉलोअर_आयडी आणि फॉलोई_आयडी या दोन कॉलमांचे वेगळे टेबल करा आणि दोन्ही मिळून प्रायमरी की (प्रत्येक रोची एकमेव ओळख) ठेवा. यादी मात्र रोमध्ये कधीही ठेवू नका.

२०१४ साली अंधेरीच्या एका कंपनीत आम्ही पाककृतींचे अ‍ॅप करत होतो. मी वेगळे टेबल सुचवले होते, पण ‘जॉइन (दोन टेबले जोडून वाचणे) महाग पडतात’ एवढ्या एका वाक्यावर वरिष्ठांनी ते मोडीत काढले आणि यूजर्स टेबलातच २५५ अक्षरांच्या व्हारकॅर (मजकुराच्या) कॉलममध्ये स्वल्पविराम देऊन आयडी साठवायला लावले. काही महिन्यांनी दादरच्या एका बाईंचा फोन आला. त्यांनी नणंदेला फॉलो केले होते, पण तिच्या पाककृतींऐवजी कुणा परक्या गृहस्थांच्या दिसत होत्या. मी त्यांचा रो उघडून अक्षरे मोजली. पाच अंकी आयडी आणि स्वल्पविराम मिळून सहा अक्षरे, म्हणजे ४२ जणांत २५२ अक्षरे संपली होती. यादीत त्रेचाळिसावी होती नणंद, तिचा आयडी १०४८२, तिच्यासाठी तीनच जागा उरल्या होत्या, आणि स्ट्रिक्ट मोड (न मावणारी माहिती नाकारणारी सेटिंग) बंद असल्यामुळे मायएस्क्यूएल या डेटाबेसने एरर न देता तिथे १०४ लिहून ठेवले होते. १०४ क्रमांकाचे सभासद खरोखरच अस्तित्वात होते.

त्यावर ‘कॉलम मोठा करा’ असा आदेश आला. तो तेव्हाही चूक होता आणि आजही चूकच आहे, कारण ‘मला कोण कोण फॉलो करते’ हे यादीतून काढायचे तर फाइंड_इन_सेट या यादीत शोधणाऱ्या फंक्शनला इंडेक्सचा (झटपट शोधासाठीच्या सूचीचा) उपयोग होत नाही, सगळे टेबल चाळावे लागते. महाग पडते ते हे. इंडेक्स असलेला जॉइन नव्हे. शिवाय दोघांनी एकाच वेळी यादी वाचून परत लिहिली, तर एकाची भर पुसली जाते.

प्रायमरी की फॉलोअरपासून सुरू होत असेल, तर उलट्या शोधासाठी फॉलोई_आयडीवर स्वतंत्र इंडेक्स हवा. मायएस्क्यूएलचे इनोडीबी हे साठवणीचे इंजिन फॉरेन कीसाठी तो आपोआप करते, पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस करत नाही. स्वतःलाच फॉलो करता येऊ नये म्हणून चेक कन्स्ट्रेंट (रो लिहिताना तपासली जाणारी अट) घाला, मात्र मायएस्क्यूएल ८.०.१६ च्या आधीचे असेल तर ते चेक वाचून सोडून देते, तेव्हा आवृत्ती आधी पाहून घ्या.