पडद्यावरची आग डोक्यातून काढ

पोरा, सिनेमे बघून अग्निशमन दलात यावंसं वाटलं, यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्यातलेही कितीतरी तसेच आले. पण पडद्यावर नायकाचा चेहरा दिसावा लागतो, म्हणून तिथे धूर विरळ असतो आणि मास्क नसतो. खऱ्या खोलीत धूर छतापासून खाली उतरत येतो आणि स्वतःचा हातही दिसेनासा होतो.

नागपूरच्या इतवारीतल्या एका गोदामात मी गुडघ्यांवर रांगत आत गेलो होतो. उजवा हात भिंतीला, मागे जोडीदाराचा हात माझ्या बुटावर. बस्स, तेवढाच आधार. भिंत सुटली की दार कुठल्या बाजूला हे कळत नाही. ज्वाळेइतकाच धुराला भी. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास.

लाथ मारून दार उघडणं तर विसरच. आधी हाताची मागची बाजू दाराजवळ नेऊन उष्णता बघ. बंद खोलीत हवेअभावी दबलेली आग ताजी हवा मिळताच भडकून अंगावर येते.

पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा संपत आल्याची शिट्टी वाजेपर्यंत थांबू नकोस, हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजवर नजर ठेव. आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, त्यात तो जाड कोट! आगीच्या कॉलची वाट न बघता पाणी पीत राहा.

१४ एप्रिलला १९४४ च्या मुंबई गोदी स्फोटात गेलेल्या जवानांना मानवंदना असते. त्या परेडला नक्की ये. उद्या सकाळी मात्र डोळ्यांवर पट्टी बांधून दोराच्या गाठी मारायच्या आहेत.