गोळ्या घ्यायच्या की त्यांच्याशिवाय जमेल?

प्रश्न: माझी बहीण ३४ वर्षांची आहे. तीन महिने तिचं कशातच मन लागत नाही, पहाटे चारला जाग येते, जेवण निम्म्यावर आलंय. डॉक्टरांनी नैराश्य आहे म्हणून एसिटॅलोप्रॅम लिहून दिली. ‘एकदा लागली की सुटत नाही’ म्हणून ती घेत नाही. गोळीशिवाय बरं होता येतं का?

उत्तर: येतं, पण आजार किती खोल आहे त्यावर ते ठरतं. सौम्य नैराश्यात समुपदेशन आणि नियमित व्यायाम आधी करून बघतात. मध्यम असेल तर गोळी किंवा मानसोपचार, यांपैकी रुग्णाला झेपेल ते. तीव्र असेल तेव्हा दोन्ही एकत्र. तुम्ही लिहिलेली लक्षणं सौम्य वाटत नाहीत, त्यामुळे नुसतं थांबून राहू नका.

सुटत नाही ही भीती मुख्यतः दुसऱ्याच गोळ्यांमुळे पसरली आहे. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या, घबराटीच्या गोळ्यांची सवय लागते. त्या कधीकधी सुरुवातीचे थोडे दिवस सोबत देतात, म्हणून चिठ्ठीत काय लिहिलंय आणि कुठली गोळी कधी थांबवायची, हे विचारून घ्या. एसिटॅलोप्रॅमची तलफ येत नाही. ती एकदम बंद केली तर मात्र त्रास होतो.

बहुतेकदा ५ किंवा १० मिलिग्रॅमपासून सुरुवात होते. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा येऊ शकतो. पोटात काही असताना घेतली तर मळमळ कमी होते. झोप आणि भूक बऱ्याचदा आधी सुधारतात, मन मागाहून. गुण आला की नाही हे चार ते सहा आठवड्यांनी ठरवायचं. बहुतेक जण इथेच चुकतात: दहा दिवसांत त्रास दिसतो, फायदा दिसत नाही, आणि गोळी कपाटात जाते. लैंगिक इच्छा कमी होणं हा परिणाम मात्र टिकू शकतो. डॉक्टरांना तो संकोच न करता सांगावा, पर्याय असतात.

थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासलेत का, हेही विचारा. आणि पूर्वी कधी कित्येक दिवस झोप नको, बोलणं अखंड, खर्च अफाट असं झालं असेल तर ते आवर्जून सांगा. तो दोन टोकांचा (बायपोलर) आजार असू शकतो, म्हणजे कधी नैराश्य, कधी उन्माद. त्यात नुसती नैराश्याची गोळी दिली तर उन्माद उफाळू शकतो.

जगणं नको असं ती बोलली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, तिला एकटं सोडू नका, घरातली सगळी औषधं आपल्या ताब्यात ठेवा. पहिले काही आठवडे तसंही लक्ष ठेवावं. २५ वर्षांखालच्या रुग्णांत तर फारच.

प्रश्न: गोळीशिवायच्या उपचारात नेमकं करतात काय? ‘मन रमव’ हे तर सगळेच सांगतात.

उत्तर: ‘मन रमव’ हा उपचार नव्हेच. मन तयार होण्याची वाट न पाहता हातपाय आधी हलवायचे, ही एक सिद्ध पद्धत आहे. आठवडाभर तासातासाला काय केलं ते वहीत लिहा आणि त्यापुढे मन कसं होतं त्याला ० ते १० गुण द्या. दुपारी अंथरुणात २, गच्चीत दहा मिनिटं उभं राहिल्यावर ४, असा फरक आपल्याच अक्षरात दिसतो. मग ४ वाल्या गोष्टी वेळ ठरवून रोजच्या दिवसात घालायच्या.

काम फार बारीक करून घ्यावं लागतं. ‘अंघोळ करायची’ हे जड जातं. ‘टॉवेल दाराला अडकवायचा’ हे जमतं. ते जमलं की पुढची पायरी. पहिल्याच दिवशी तासभर चालायचं ठरवलं की तिसऱ्या दिवशी मोडतं, आणि ‘मला एवढंही जमत नाही’ म्हणून मन आणखी खचतं. १० मिनिटांपासून वाढवत आठवड्यातून तीनदा ४५ मिनिटांपर्यंत न्या. विचारांवर काम करणाऱ्या उपचाराच्या साधारण १२ ते २० बैठका होतात, आणि बैठकांमधला घरचा अभ्यास केला नाही तर फार काही हाती लागत नाही.

प्रश्न: सात महिने सर्ट्रालिन ही नैराश्याची गोळी ५० मिलिग्रॅम घेतोय. आता बरं आहे. एक दिवसाआड घेऊन बंद करू? सोबत ‘सेंट जॉन्स वर्ट’ ही वनस्पती घेतली तर?

उत्तर: दोन्ही नको. किमान सहा महिने मोजायचे ते पूर्ण बरं वाटू लागल्यापासून, पहिल्या गोळीपासून नव्हे. पूर्वीही नैराश्य येऊन गेलं असेल तर मुदत आणखी लांबते.

दिवसाआड घेतली की औषधाचं रक्तातलं प्रमाण रोज वरखाली होतं आणि गरगरणं, डोक्यात वीज चमकल्यासारखं वाटणं, चिडचिड सुरू होते. रोजच घ्यायची, पण डॉक्टरांना विचारून डोस पायरीपायरीने काही आठवड्यांत उतरवायचा. हा त्रास डोस उतरवल्यावर काही दिवसांतच येतो. आजार परतला तर तो बहुधा काही आठवड्यांनी, हळूहळू येतो. त्रास सोसवेना झाला तर डॉक्टरांना कळवून आधीच्या डोसवर परत जाता येतं.

ती वनस्पती सर्ट्रालिनसोबत घेतली तर सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन धोकादायक पातळीला जाऊ शकतं: थरथर, घाम, ताप, धडधड. गर्भनिरोधक गोळ्या आणि रक्त पातळ करणारं वॉरफरिन यांचा असरही ती कमी करते.